आचारी, आचार्य आणि विरामबिंदू

मराठी लेखनाचे नियम शिकविताना 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' ही जोडी उदाहरणादाखल फळ्यावर लिहिण्याची रीत आहे. पहिला शब्द 'आचारी' या नामापासून झालेला, दुसरा 'आचार्य' या नामापासून. पहिल्यातील र निसटता आहे, मागच्या अक्षरावर भार न टाकता पुढच्या य-ला बिलगणारा; दुसऱ्यातील र मागच्या अक्षराला धक्का देऊन जाणारा. लिपीने हा भेद दोन चिन्हांनी सांभाळला आहे. एक य-च्या डाव्या अंगाला चिकटलेली छोटी कमान, दुसरा य-च्या डोक्यावर चढलेला रफार. वर्गात ही जोडी सांगितली की मुले हसतात, गुरुजींना स्वयंपाकघरात पाठविल्याबद्दल, आणि आपण पुढच्या नियमाकडे वळतो. गेल्या पावसाळ्यात ही जोडी आम्हांला फळ्याबाहेर भेटली, आणि तेथे हसून पुढे जाण्याची सोय नव्हती.

आम्ही म्हणजे मिरजेत मराठी शिकविणारे दोघे आणि आमची एक जुनी विद्यार्थिनी. ती मराठीत पदवी घेऊन नंतर संगणकाच्या वाटेने गेली. पुण्यात नोकरी करते आणि महिन्यातून एकदोनदा घरी येते. आमच्यासमोर होती एका महाविद्यालयीन वार्षिकाची २००३ सालची मजकुराची फाइल. त्या अंकासाठी विद्यार्थ्यांनी मिरज आणि आसपासच्या गावांत हिंडून हातावर पोट असलेल्या माणसांना बोलते केले होते. स्टेशनावरचा हमाल होता, सतारीचे भोपळे कोरणारा कारागीर होता, उरुसात दुकान मांडणारी बाई होती, आणि लग्नाच्या पंगती रांधण्यात आयुष्य गेलेला एक वृद्ध आचारी होता. शिल्लक छापील अंकांचा गठ्ठा सांगलीत एका तळमजल्यावर ठेवलेला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याचा लगदा झाला. आचारी त्याआधीच निवर्तले होते. पाचशे पानांच्या भाताचा अंदाज केवळ तांदूळ मुठीत धरून कसा बांधायचा, चुलाण कोणत्या बाजूला तोंड करून खणायचे, व्याह्यांच्या रागलोभात आचाऱ्याने कोणाचे ऐकायचे, हे सगळे त्यांनी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला सांगितले होते, आणि तिने ते लिहून ठेवलेले आता केवळ एका सीडीवर, जुन्या फॉन्टात उरले होते.

जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडात नेणारी एक छोटी स्क्रिप्ट हातोहात आमच्यापर्यंत आली होती. मूळ कोणी लिहिली आणि नंतर कोणाकोणाचे हात तिच्यावरून फिरले, याचा पत्ता तिच्यात नव्हता. ती चालविली, मजकूर बाहेर आला, आणि प्रथमदर्शनी तो वाचनीय होता. आमच्या एका स्नेह्यांना तो वाचावयास दिला तेव्हा तर ते भारावूनच गेले. लेखिकेने केवढी सूक्ष्म योजना केली आहे, असे त्यांचे म्हणणे. माणूस नुसता असतो तेव्हा तो 'आचारी' आहे: 'आचारी आले', 'आचारी बसले'. परंतु तो काही करू लागला की भाषा त्याला पदवी देते: 'आचार्यांनी चूल पेटविली', 'आचार्यांच्या हाताला चव होती'. कर्म करणारा तो आचार्य! स्नेह्यांनी यावर टिपणही लिहावयास घेतले होते. टिपण चांगले झाले असते, कारण समीक्षेत याहून कमी आधारावर मोठ्या इमारती उभ्या राहिलेल्या आहेत. पण त्याच लेखात 'शेतकर्यांच्या लग्नात', 'दुसर्या पंगतीला', 'वार्यावर उडणारी राख' अशीही रूपे होती, आणि डोंगरातल्या एका गावाला जाताना लागणाऱ्या दऱ्यांचा 'दर्या' झालेला होता. शेतकर्यांमागे काही सूक्ष्म योजना असेल असे स्नेह्यांनाही वाटले नाही.

येथे जुन्या फॉन्टांविषयी थोडे सांगावे लागेल. मिरज जंक्शनात एकेकाळी रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ येत असत. एका मापाची गाडी दुसऱ्या मापावर जाऊ शकत नसल्यामुळे माल उतरवून, हमालांच्या डोक्यावरून नेऊन, पुन्हा चढवावा लागे. मजकुराचे लिप्यंतर हे असेच काम आहे. नव्वदच्या दशकातील मराठी अक्षरजुळणीत संगणकाला मराठी अक्षर मुळी ठाऊकच नसे. त्याच्या लेखी ती रोमन अक्षरेच. त्यांच्या आकृती तेवढ्या बदललेल्या. कृतिदेव या फॉन्टात रोमन डी-च्या कळीवर 'क' आहे, एफ-च्या कळीवर ऱ्हस्व इकाराची वेलांटी आहे, आणि ही वेलांटी टंकलेखनयंत्राच्या रीतीने व्यंजनाच्या आधी दाबावयाची. म्हणजे फाइलमध्ये अक्षरांचा क्रम डोळ्याला दिसतो तसा, डावीकडून उजवीकडे. युनिकोडात क्रम उच्चाराचा: आधी व्यंजन, मग इकार, आधी रफाराचा र, मग ज्याच्यावर तो चढतो ते अक्षर. एका बाइटात २५६ जागा, त्यांत जोडाक्षरांसकट सगळी देवनागरी दाटीवाटीने बसविलेली, आणि प्रत्येक फॉन्टाची बसविण्याची तऱ्हा निराळी. स्क्रिप्टने हा माल उतरवून पुन्हा चढवावयाचा असतो. वाटेत एखादी पेटी राहून गेली तर ती कोठे राहिली, हे शोधण्याची व्यवस्था म्हणजे डीबगिंग.

ही व्यवस्था उभी करण्यातच आमच्या दोन दिवसांपैकी पहिला दिवस गेला, आणि तो सत्कारणी लागला असे आमचे मत आहे. दोष ज्याला दिसत नाही त्याचा पहिला उतावळा उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये जागोजागी 'हे छापून दाखव' अशा आज्ञा पेरणे. आम्ही पाहत होतो त्या स्क्रिप्टमध्ये पूर्वसूरींनी पेरलेल्या अशा आज्ञांची खुंटे ठिकठिकाणी उरलेली होती. आमची विद्यार्थिनी त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "सर, ही सगळी समासातली टिपणं आहेत. वाचणारा कुठे अडला होता एवढंच कळतं." तिने ती काढून टाकली आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा प्रोग्रॅम उघडला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला हा संपादक विनामूल्य मिळतो. त्यात पायथन भाषेची पुरवणी बसविली की स्क्रिप्ट लिहिणे, चालविणे आणि मधेच थांबवून तपासणे एकाच खिडकीत होते.

पहिली गोष्ट तिने केली ती अशी की स्क्रिप्टची फाइल न उघडता सबंध फोल्डर उघडले. स्क्रिप्ट आपला कच्चा मजकूर शेजारच्या फाइलमधून घेते. ही शेजारची म्हणजे कोणाच्या शेजारची, हे कामाचे फोल्डर कोणते मानले आहे त्यावर ठरते. एकटी फाइल उघडली तर प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी उभा राहून शेजार शोधू लागतो. दुसरी गोष्ट दुभाष्याची. त्या संगणकावर पायथनच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या होत्या. खिडकीच्या खालच्या पट्टीवर कोणता दुभाष्या निवडलेला आहे ते दिसते. तिने या कामापुरती एक वेगळी आवृत्ती बाजूला काढून तीच निवडली. इंग्रजीत त्याला दुभाष्या या अर्थाचाच शब्द आहे, आणि कोणत्या दुभाष्यामार्फत आपण बोलतो आहोत हे बोलण्याआधी पाहून घ्यावे, हा व्यवहार मिरजेसारख्या दुभाषिक बाजारपेठेत आम्हांला निराळा शिकावा लागला नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक. 'लाँच डॉट जेसन' नावाची एक लहानशी फाइल असते. डीबगिंगचे सत्र कसे सुरू व्हावे ते तिच्यात लिहून ठेवायचे: कोणता डीबगर, कोणती स्क्रिप्ट, तिच्या हातात कोणते कागद द्यावयाचे, उत्तरे कोणत्या पटावर उमटवायची, यंत्राची कोणती सवय तेवढ्यापुरती बदलायची. प्रत्यक्षात सातआठ ओळी. परंतु आम्हांला ती एखाद्या संशोधित आवृत्तीच्या प्रस्तावनेसारखी वाटली. कोणती प्रत आधारभूत धरली, कोणत्या मर्यादेत वाचली, काय बाजूला ठेवले, हे एकदा लिहून ठेवले की उद्या दुसरे कोणी त्याच अटींवर तेच वाचन पुन्हा करून पाहू शकते. तिने तेथे दोन निर्णय घेतले. सबंध अंकाऐवजी दोष ज्यात नक्की आहे असे आचाऱ्यांच्या लेखाचे एकच पान वेगळे काढून स्क्रिप्टला द्यावयाचे ठरविले. दोष हुकमी घडवून आणता आला पाहिजे, तो दोनशे पानांत अवचित भेटावा अशी अपेक्षा ठेवू नये, असे तिचे म्हणणे. आणि विंडोजचा पट मराठी अक्षरे छापताना अडखळतो म्हणून पायथनला सर्वत्र यूटीएफ-८ वापरण्याची ताकीद त्याच फाइलमध्ये नोंदविली.

मग विरामबिंदू. ओळीच्या डाव्या समासात टिचकी मारली किंवा एफ-९ ही कळ दाबली की तेथे लाल ठिपका येतो. स्क्रिप्ट त्या ओळीपाशी पोहोचली की ती ओळ करण्यापूर्वी थबकते. एफ-५ ने पुढे सोडायचे, एफ-१० ने एकेक ओळ चालवायचे, एफ-११ ने ओळीत बोलावलेल्या कार्याच्या पोटात शिरायचे. इंग्रजीत ब्रेकपॉइंट म्हणतात. आम्ही बोलताना विरामबिंदू म्हणू लागलो आणि ते नाव टिकले. थांबलेल्या यंत्राच्या डाव्या बाजूला त्या क्षणी कोणत्या नावाखाली कोणता मजकूर आहे त्याची यादी दिसते, त्याखाली आपण मुद्दाम नजर ठेवावी अशी पदे, त्याखाली कोणत्या कार्याने कोणाला बोलाविले त्याची उतरंड. दिवसाला चार तास कविता शिकविणाऱ्याला हे दृश्य अनोळखी नाही. ओळ वाचायची, थांबायचे, या ओळीपर्यंत काय काय ठरले आहे ते पाहायचे, मगच पुढची ओळ. मात्र आपण कवितेपाशी थांबतो तेव्हा मागचे सगळे नेमके आठवतेच असे नाही. येथे यंत्र ते मांडून ठेवते.

पहिला संशय क्रम फिरविणाऱ्या कार्यावर होता. रफार आणि वेलांटी मागेपुढे करण्याचे काम तेथे होते, आणि र-चा घोटाळा म्हटल्यावर सगळे बोट तिकडेच दाखवितात. तेथे लाल ठिपका ठेवून आम्ही 'स्थिती' हा शब्द एकेक पाऊल चालविला. वेलांटी आधी आलेली, मग अर्धा स, मग थ. कच्ची स्क्रिप्ट वेलांटीला केवळ एका अक्षरापलीकडे नेते आणि ती अर्ध्या स-च्या आणि त्याच्या पाय मोडण्याच्या खुणेच्या मध्ये अडकते. या स्क्रिप्टने तसे केले नाही. अर्धी अक्षरे ओलांडून वेलांटी थ-च्या मागे बरोबर बसली. 'कार्तिकी' या शब्दात वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच अक्षराला आहेत. तेथेही कोण आधी हलणार याचा क्रम लिहिणाऱ्याने नीट विचारात घेतला होता. हे कार्य निर्दोष होते. कोणी अनामिकाने ते जीव लावून लिहिले होते, आणि एफ-११ ने त्याच्या पोटात शिरून पाऊणएक तास घालविल्यावर त्या माणसाविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला. दोष नसलेली जागा इतक्या बारकाईने वाचण्याचा प्रसंग एरवी कमी येतो.

या तपासणीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पटावर छापलेला मराठी शब्द आणि यंत्राच्या स्मृतीतला शब्द हे एक नव्हेत. पटावर अक्षरे जुळवून दाखविणारी यंत्रणा अतिशय सौजन्यशील असते. ती मिळेल त्या मालातून शोभेल अशी आकृती करून दाखविते. म्हणून छापून पाहण्याचा उपाय येथे लंगडा पडतो. नजर ठेवण्याच्या खणात तिने एक पद लिहिले: शब्दातील प्रत्येक खूण सुटी करून तिचे युनिकोडातील अधिकृत नाव दाखव. मग 'स्थिती'च्या जागी एक उभी यादी आली, आणि पाय मोडण्याच्या खुणेपुढे नाव आले 'विरामा'. युनिकोडात आपल्या हलन्ताचे नाव तेच आहे. विरामबिंदूवर थांबलेले यंत्र आम्हांला विराम दाखवीत होते, आणि पाणिनीय परिभाषेच्या एका तुकड्याला इतक्या दूरच्या घरी भेटल्याचा आनंद आम्ही लपविला नाही.

आता दुसरा विरामबिंदू. स्क्रिप्टच्या शेवटी 'दुरुस्ती' नावाचे एक कार्य होते आणि त्याच्यापाशी शब्दांच्या जोड्यांची लांब यादी. विरामबिंदूला अट घालता येते: प्रत्येक शब्दापाशी न थांबता, शब्दात 'आचा' ही अक्षरे असतील तेव्हाच थांब. अट लिहिली, एफ-५ दाबले, यंत्र थांबले. हाती आलेला शब्द होता 'आचायांनी'. दुरुस्तीच्या यादीत शोधले तर जोडी सापडली: 'आचायां' दिसल्यास 'आचार्यां' करावे. खाली 'शेतकयां' दिसल्यास 'शेतकर्यां', 'दुसया' दिसल्यास 'दुसर्या', अशी रांगच. कोणाच्या तरी लक्षात आले होते की य-पूर्वीचा र नाहीसा होतो आहे. त्याने किंवा तिने एकेक शब्द हाताने जुळवून र परत घातला होता, आणि तो घालताना आपल्या कीबोर्डावर जो सापडला तो घातला, म्हणजे रफार. 'शेतकर्यांना' हे रूप आज जागोजागी दिसते. ज्यांना ऱ ची कळ सापडत नाही त्यांची संख्या मोठी असावी.

म्हणजे आचार्य येथे जन्मले. परंतु र मुळात गेला कोठे? उतरंडीत एकेक पायरी खाली जाऊन पाहिले. क्रम फिरविण्यापूर्वीही 'आचायांनी'च. तक्त्यावरून अक्षरे बदलण्यापूर्वीही, रोमन खुणांच्या त्या अगम्य ओळीत, एक खूण कमीच. सगळ्यात तळाशी फाइल उघडून वाचण्याची एक ओळ होती, आणि तेथे एफ-११ दाबून उपयोग होत नव्हता. डीबगर मुळात आपल्याच लिखाणात शिरतो, पायथनच्या ग्रंथालयातील परक्या लिखाणात सांगितल्याशिवाय जात नाही. तिने थांबलेल्या यंत्राला दुसऱ्या खणातून विचारले: हीच फाइल अक्षरे न समजता, नुसते बाइट म्हणून वाचून दाखव. तेथे, 'आचा' आणि 'यांनी' यांच्या मध्ये, १४१ क्रमांकाचा बाइट उभा होता.

विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपीय संकेतात २५६ पैकी पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. त्या वार्षिकाच्या फॉन्टात कमानीच्या र-ला नेमकी १४१ ही जागा दिलेली होती. पायथन ही फाइल त्या संकेताने वाचू लागला की या बाइटापाशी अडून बसतो आणि चूक झाल्याचे ओरडून सांगतो. तसे त्याने कधीकाळी सांगितलेही असणार, कारण वाचण्याच्या ओळीत कोणीतरी पुढे एक शब्द जोडून दिला होता: 'इग्नोअर'. समजले नाही ते सोडून दे. तेव्हापासून स्क्रिप्ट कधीच अडली नाही, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा, वारकऱ्याचा, हमालाच्या बोलण्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याचा र दारातच खाली पडत राहिला. तो शब्द खोडून पुन्हा एफ-५ दाबले तेव्हा स्क्रिप्ट पहिल्याच आचाऱ्यापाशी थांबली.

ही शब्दांची यादी आम्ही नंतर पुष्कळ वेळ पाहत बसलो. कमानीचा र तत्सम शब्दांत येत नाही. सूर्य, कार्य, धैर्य, आचार्य हे सगळे रफाराचे धनी. कमान लागते ती शेतकरी, वारकरी, कामकरी, गावकरी, पुजारी, भिकारी, आचारी यांना, आणि तीही सामान्यरूपात, म्हणजे त्यांनी काही केले, त्यांना काही दिले, त्यांचे काही असले, तेव्हा. नुसता 'शेतकरी' कोणत्याही फॉन्टातून सुखरूप येतो. 'शेतकऱ्याचे' काही म्हणावयाचे तर ही खूण हवी. जुन्या पोथ्यांचे संपादन करणाऱ्यांना अशा गळतीची तऱ्हा परिचित आहे. एक नकलकार न समजलेले अक्षर सोडतो, दुसरा नकलकार उरलेल्या निरर्थक शब्दाला आपल्या ओळखीचा अर्थपूर्ण शब्द करून देतो, आणि तिसऱ्या वाचकाला तेथे काही घडले होते याची शंकाही येत नाही. पहिल्यापेक्षा दुसरा अधिक धोक्याचा. 'शेतकर्यांना' हे चुकीचे रूप निदान डोळ्याला खुपते. 'आचार्यांनी' खुपत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच सदिच्छ हातांच्या पाठांतरांमुळे. सुखटणकरांनी भांडारकर संस्थेच्या महाभारतासाठी १९३३ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत पाठनिर्णयाची जी तत्त्वे मांडली त्यांत अवघड पाठाला सोप्यापेक्षा अधिक मान आहे, याचेही कारण हेच. 'आचायांनी' हा अर्थहीन पाठ आमच्या दृष्टीने 'आचार्यांनी'पेक्षा मोलाचा होता. त्याने निदान भोक लपविले नव्हते.

मिरजेत राहणाऱ्याला अशा वेळी जवारीची उपमा सुचते. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचे, उतरवायची, पुन्हा कानस. २०२४ मध्ये येथील सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर ही उपमा भाषणाभाषणांतून ऐकू येते. आमच्या कामाला ती अर्धीच लागू पडते. जवारी काढणाऱ्याला पोहोचायचे असते ते कानात असलेल्या स्वराकडे. आमच्यापुढे मूळ बाइट होता आणि त्याच्याशी इमान राखायचे होते. त्यापेक्षा मिरजेचीच आणखी जुनी गोष्ट जवळची. नाना फडणीसांच्या काळात पुण्यात अक्षरे खोदण्यास शिकलेला एक तांबट पुढे मिरजेस आला आणि गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने त्याने तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरली; ती १८०५ मध्ये छापली गेली. छापण्यासाठी तांब्यावर सगळा मजकूर उलटा कोरावा लागतो, म्हणजे कोरणाऱ्याला शब्द ओळखीच्या आकृतीने कधीच दिसत नाही. काना, मात्रा, रफार एकेक करून, आरशातल्यासारखा फिरवून बसवायचा. चुकलेले अक्षर दुरुस्त करायचे तर ते खरवडून, पत्रा मागून ठोकून वर आणून, घासून सपाट करून पुन्हा कोरायचे. 'समजले नाही ते सोडून दे' असे तांब्याला सांगता येत नाही.

पुढचे काम एका दुपारचे. फाइल लॅटिन-१ या संकेताने वाचावयास घेतली. त्यात २५६ ही जागा भरलेल्या असल्यामुळे एकही बाइट गळत नाही. अक्षरांचा तक्ता आकृत्यांऐवजी क्रमांकांनी नव्याने लिहिला. दुरुस्तीची यादी काढून टाकली. काही पाने कृतिदेवमध्ये टंकलेली निघाली, आणि तेथे अर्धा श साध्या एकेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर असतो. मजकूर कधीतरी एखाद्या वर्ड प्रोसेसरमधून गेला, त्याने साधी चिन्हे वळवून सुबक केली, आणि 'विशेष'मधला श अवतरणात जाऊन बसला. अवतरणचिन्हानंतर लगेच काना येत नाही, एवढ्या खुणेवरून बहुतेक श परत मिळाले.

कमानीचा र युनिकोडात लिहिण्याच्या दोन रीती आहेत, आणि येथे आम्हांला ठरवावे लागले. एक, ऱ आणि विराम. दुसरी, साधा र, विराम आणि त्यापुढे एक अदृश्य सांधणारी खूण. पटावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण एकात शोधलेला 'शेतकऱ्यांना' दुसऱ्यात सापडत नाही. पायथन मात्र यादीत अदृश्य खूण लपवीत नाही. तेथे तिचा क्रमांक उघडा दिसतो, म्हणून फरक कळला. आम्ही पहिली रीत घेतली. युनिकोडच्या तक्त्यात या ऱ ची नोंद द्राविडी भाषांतील एका र-च्या लिप्यंतरासाठी अशी आहे, आणि त्याचे अर्धे रूप कमानीसारखे दाखवावे असे जोडून दिलेले आहे. मराठी शेतकऱ्याला सामान्यरूपात उभे राहण्यासाठी द्राविडी अक्षर उसने घ्यावे लागते, हे काही मित्रांना टोचले. मिरजेच्या भाजीबाजारात रोज कन्नड ऐकणाऱ्या आम्हांला ही उसनवारी शेजाऱ्यांतली वाटली.

नव्या प्रतीत आचाऱ्यांचा लेख पुन्हा वाचला. 'आचारी' हा शब्द त्यात सामान्यरूपाने सतरा वेळा येतो. सोळा ठिकाणी मुळात १४१ होता आणि तेथे आता 'आचाऱ्यांनी', 'आचाऱ्यांच्या' असे आहे. सतराव्या ठिकाणी १४१ नाही. लेखाच्या शेवटाकडे वाक्य आहे: 'पंगत उठली की आचार्यांनी सगळ्यात शेवटी, चुलीकडे पाठ करून जेवावे.' येथे २००३ च्या फाइलमध्येच रफाराचा बाइट आहे. तो त्या मुलीने योजून घातला, की म्हाताऱ्याने थट्टेने तसा उच्चार केला, की जुळारीचा हात घसरला, हे बाइटावरून ठरत नाही. विद्यार्थिनीने तेथे विरामबिंदू ठेवून तीनदा तपासले. आम्ही पाठ तसाच ठेवला आहे आणि तळटीप दिली आहे. स्नेह्यांना कळविले, त्यांचे टिपण आता त्या एका वाक्यावर असेल.